सपाट ओळीतले गणित : प्रस्तावना

रास = मुद्दल(१ + दर/१००)मुदत

चक्रवाढ व्याजाचे हे सूत्र पाठ्यपुस्तकात असे छापलेले नसते. तिथे ‘मुदत’ हा शब्द कंसाच्या उजव्या खांद्यावर बारीक टायपात बसवलेला असतो, कारण तो घातांक आहे. पुस्तकाच्या पीडीएफमधून ओळ उचलून फोनवर चिकटवली की तो खांद्यावरून उतरून शेजारी येऊन उभा राहतो. १०,००० रुपये, ८ टक्के दर, ३ वर्षे मुदत. खांद्यावरच्या मुदतीने रास येते १२,५९७ रुपये १२ पैसे. शेजारच्या मुदतीने येते ३२,४००. असे व्याज देणारी पतसंस्था खरोखर असती, तर कोरगावापासून केरीपर्यंतच्या काजूच्या बागा विकून लोकांनी तिथे ठेवी ठेवल्या असत्या.

ज्याने ती ओळ पाठवली त्याला गणित येत नव्हते असे नाही. त्याला सूत्र पाठ होते, म्हणून खाली उतरलेला घातांक त्याला खटकलाच नाही. त्याच्या डोळ्यांना तो वरच दिसत राहिला. ओळ ज्याला मिळाली त्याला मात्र फक्त ओळ मिळाली. टंकलेल्या गणितातल्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ इथे आहे: लिहिणाऱ्याच्या मनात कागद असतो, वाचणाऱ्यापुढे असतात एकामागून एक आलेली अक्षरे. या पुस्तिकेचा विषय तेवढाच. गणित शिकवणे हे तिचे काम नव्हे. येत असलेले गणित फोनच्या किंवा संगणकाच्या एका ओळीत असे लिहायचे, की दुसऱ्याला ते एकाच रीतीने वाचता यावे, हे ती सांगते.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत हा प्रश्न थोडा जास्तच गुंतागुंतीचा आहे. आपली मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत बेरीज-वजाबाकी शिकतात, पाचवीपासून पुस्तक इंग्रजी होते, ट्यूशनला सर दोन्ही भाषांत समजावतात आणि घरी आजोबा पावकी-दिडकीत हिशेब करतात. तेरेखोल ओलांडून आरोंद्याला किंवा सातार्ड्याला गेलो तर भाषा तीच, पण बोर्ड वेगळे आणि पुस्तक वेगळे. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग फोनवर आले, तेव्हा गोव्यात कित्येक गावांतली मुले रेंज शोधत डोंगरावर जाऊन बसली. तेव्हापासून शंका टंकून विचारण्याची आणि उत्तर टंकून देण्याची सवय लागली ती लागलीच. टंकायचे कसे, हे मात्र कोणत्याच बोर्डाच्या कोणत्याच इयत्तेत शिकवत नाहीत.

कागदावरचे गणित दोन दिशांना पसरते. डावीकडून उजवीकडे वाचायचे खरे, पण अर्थाचा मोठा भाग वर-खाली असतो. अपूर्णांकाची रेघ कुठून कुठवर ओढली आहे त्यावरून अंश आणि छेद कळतात. वर्गमूळाचे छप्पर जिथवर पसरले तिथवरची पदे त्याच्याखाली. घातांक वर, पदाचा क्रमांक खाली. यांतल्या एकाही ठिकाणी कंस लागत नाही, कारण जागाच कंसाचे काम करते. टंकलेल्या ओळीत वर-खाली जागा नाही. म्हणजे जागेने जे सांगितले जात होते ते सगळे आता चिन्हांनी सांगायला हवे, आणि त्यासाठी आपल्या हाताशी असलेले खरे चिन्ह एकच: कंस.

फळ्यापुढे उभे राहून बोलताना आपण हे न शिकवता करतो. ‘अ अधिक ब, होल स्क्वेअर’ असे सर म्हणतात, तेव्हा तो ‘होल’ म्हणजे कंस. ‘अ अधिक ब, सगळ्याला भागिले क’ यातला ‘सगळ्याला’ही कंसच. तोंडी न चुकता येणारे हे शब्द टंकताना गळतात आणि ओळ उरते: अ + ब/क. तिचा अर्थ ‘अ मध्ये ब भागिले क मिळवा’ असा होतो, आणि तो बरोबरच होतो. चूक वाचणाऱ्याची नसते.

एका ओळीत गणित लिहिणे आपल्या लोकांना नवे आहे, असे मात्र समजू नये. ते फार जुने आहे, आणि त्याचा धागा पेडण्यातूनच जातो. मांद्र्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत वैद्यक करता करता जुने शिलालेख आणि पोथ्या शोधत हिंडले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख उजेडात आणला तोही त्यांनीच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला देणग्या मिळाल्या, अशी त्या लेखातली हकीकत. लेखाचा काळ शके ११२८ चा, आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गणिताचा ग्रंथ शिकवायला सरकारी अनुदान मिळाल्याची ही नोंद वाचताना आपल्याकडच्या संस्थाचालकांना काय वाटेल, तो वेगळा विषय.

त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितातली लेखनाची रीत पाहण्यासारखी आहे. अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणायचे आणि लिहिताना त्याचे ‘या’ करायचे. त्याचा वर्ग ‘याव’. साध्या संख्येला ‘रूप’, म्हणजे ‘रू’. एकाहून अधिक अज्ञात असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे, आणि त्यांची पहिली अक्षरे का, नी, पी. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक. बरोबरचे चिन्ह नाही. आज आपण ‘क्ष वर्ग वजा ५ क्ष अधिक ६ बरोबर शून्य’ म्हणतो ते असे दिसेल:

याव १ या ५ं रू ६
याव ० या ० रू ०

हे दोन्ही ओळींसकट फोनवर जसेच्या तसे टंकता येते. मुद्दाम तयारी करावी लागत नाही, घातांक चढवावा लागत नाही. प्रत्येक आकड्याच्या गळ्यात त्याच्या नावाची चिठ्ठी आहे, त्यामुळे जागा बदलली तरी अर्थ बदलत नाही. कच्चा दुवा एकच: ते टिंब. नकलेत टिंब राहून गेले की ऋणाचे धन होते. आठशे-नऊशे वर्षांनी आपणही नेमके तिथेच अडखळतो. फोनवर वजाचे चिन्ह ओळीच्या टोकाला येते, आकडा खालच्या ओळीत जातो, आणि वाचणाऱ्याला वाटते ती नुसती शब्द तोडणारी रेघ आहे.

मोडी दप्तरांतल्या कारकुनांचीही अशीच एका ओळीची पद्धत होती. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच. अंश नाही, छेद नाही, आडवी रेघ नाही. जमाखर्चाची ओळ सरळ पुढे जाते. या रेघा २००९ मध्ये युनिकोडमध्येही आल्या. पण त्या जमान्यातल्या वाचणाऱ्याला खूण ठाऊक होती, आज नाही. एखाद्या जुन्या वहीतला ५। नातवाने ‘एक्कावन्न’ म्हणून फोनवर उतरवला तर त्याला हसू नये.

मग गणिताने वर-खाली पसरायला सुरुवात केव्हा केली? अपूर्णांकाची आडवी रेघ अरबी गणितज्ञांकडून युरोपात गेली. बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने १५५७ मध्ये छापले. घातांक आज लिहितो तसा खांद्यावर चढवण्याची आणि वर्गमूळाला छप्पर घालण्याची रीत रूढ झाली ती देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या पुस्तकामुळे. ही पसरट मांडणी मराठीत इंग्रजी अमदानीतल्या शालेय पुस्तकांबरोबर आली. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला ‘दर्पण’मुळे ठाऊक असतात, शून्यलब्धी म्हणजे कलनशास्त्रावरचे मराठी पुस्तकही त्यांनी लिहिले आहे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात उतरला हे आपण अभिमानाने सांगतो. पण छापखान्यात गणिताचे पान म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची परीक्षा असे. एकेका घातांकासाठी बारीक खिळा शोधायचा, रेघेसाठी पितळी पट्टी कापायची, वर-खाली शिशाचे तुकडे भरून ओळ घट्ट करायची. ते कष्ट त्याचे होते, म्हणून लेखकाने कागदावर मोकळेपणाने पसरावे.

टंकयंत्र आणि नंतर संगणक आले, आणि जुळारी मधून गेला. त्याचे काम लेखकाच्या अंगावर पडले, ते कोणी सांगितले मात्र नाही. सुरुवातीच्या संगणकांच्या छिद्रित पत्त्यांवर चिन्हे इतकी थोडी होती, की १९५७ च्या फोरट्रान भाषेत घातांकासाठी दोन तारे शेजारी शेजारी मारावे लागत. आज आपण घातासाठी ^ ही खूण वापरतो, तिचा उगमही असाच. १९६३ च्या आस्की या अक्षरसंचात तिच्या जागी वर जाणारा बाण होता. तो ‘वर चढवा’ असे सरळ सांगत होता. चार वर्षांनी संच सुधारला, तेव्हा बाणाचा दांडा गेला आणि टोक तेवढे राहिले. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाची नव्या यंत्रावर जुळवलेली मुद्रिते पाहिली, ती त्यांना इतकी कुरूप वाटली की गणित छापण्यासाठी त्यांनी ‘टेक’ ही संगणकीय व्यवस्थाच लिहायला घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ रचली. आज जगभरचे गणिताचे शोधनिबंध तिच्यातच लिहिले जातात. लाटेकचा मला आवडणारा गुण तिच्या देखणेपणात नाही. अपूर्णांक लिहायचा तर ती अंश एका महिरपी कंसात आणि छेद दुसऱ्या महिरपी कंसात मागते. कुठे संपले ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. या पुस्तिकेत लाटेकचे प्रकरण शेवटी आणि छोटे आहे. ज्याला साध्या ओळीत कंस घालायची सवय झाली, त्याला ती आठवड्याभरात येते.

मराठीत टंकणाऱ्याची अडचण आणखी एका पायरीवर सुरू होते. सरकारने प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक घ्या. त्यात बेरजेच्या चिन्हाच्या कळीवर ‘ऋ’ बसला आहे. ऋणाचे पहिले अक्षर अधिकच्या घरात, हा विनोद कुणी ठरवून केलेला नसावा. बरोबरच्या कळीवर ऋकाराची खूण आहे. भागाकाराच्या तिरप्या रेघेवर ‘य’. घाताच्या खुणेवर ‘त्र’. गुणाकाराच्या ताऱ्यावर ‘श्र’. उरतात वजाबाकी आणि दोन कंस. ज्याच्या कळफलकाला उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट आहे त्याला निदान चार मूळ क्रियांची चिन्हे मिळतात. लॅपटॉपवाल्याला प्रत्येक चिन्हासाठी इंग्रजीत जाऊन परत यावे लागते. अशा ये-जा करण्यात कंस पहिल्यांदा गळतो, तो इथे हाताशी असूनही. घाईत माणूस जे अवघड आहे ते करतो आणि जे सोपे आहे ते विसरतो.

घातांकाचे तर देवनागरीत फारच विचित्र आहे. युनिकोडमध्ये खांद्यावर बसणारे इंग्रजी आकडे आहेत. देवनागरी आकड्यांना तशी सोय नाही. नाही म्हणायला अक्षराच्या डोक्यावर बसणारे बारीक देवनागरी आकडे २००९ मध्ये आले, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी. ‘क्ष’चा वर्ग लिहायला ते वापरले तर फोन बहुधा रिकामी चौकट दाखवील, आणि वैदिक रागावतील ते वेगळेच. म्हणून या पुस्तिकेत सगळीकडे क्ष^२ असे लिहिले आहे. दिसायला सुंदर नाही, वाचायला निःसंदिग्ध आहे. ‘क्ष’चा एक फायदाही नोंदवायला हवा. इंग्रजीत एक्स हे अक्षर आणि गुणाकाराची फुली एकसारखी दिसतात. लायब्निझने १६९८ मध्ये योहान बेर्नुलीला लिहिलेल्या पत्रात याच कारणाने फुली नाकारून टिंब पसंत केले होते. मराठीत हा तंटा उद्भवत नाही.

आता क्रियांच्या क्रमाकडे येऊ. ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र मराठी शाळेत शिकलेल्याला झोपेतही म्हणता येते: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ते शब्दशः पाळले तर काय होते, हे फार थोड्या वर्गांत सांगितले जाते. भागाकार आधी आणि गुणाकार मागाहून केला तरी काही बिघडत नाही. ८ × ६ ÷ ४ चे उत्तर कसेही १२ येते. पण बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर असे केले तर १० − ४ + ३ चे उत्तर ३ येईल. खरे उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, आणि त्या डावीकडून उजवीकडे, जशा येतील तशा करायच्या. भागाकार-गुणाकाराचेही तसेच. म्हणजे सूत्राचा ‘भागु’ निरुपद्रवी आहे, ‘बेव’ उपद्रवी. गुरुजी शेजारी होते तोवर हे चालून गेले, कारण ते उदाहरणच असे घालत की घोटाळा होऊ नये. फोनवर तसे कुणी राखण करीत नाही.

दर दोन-चार वर्षांनी फोनवर फिरणारे ‘८ ÷ २(२ + २)’ हे कोडे याच वर्गातले. २०१९ मध्ये ते जगभर गाजले, त्याआधी २०११ मध्ये त्याचे ‘६ ÷ २(१ + २)’ असे भावंड गाजले होते. एका पक्षाचे म्हणणे, कंस सोडवला, मग डावीकडून उजवीकडे, उत्तर १६. दुसऱ्याचे म्हणणे, २ हा कंसाला चिकटलेला आहे, म्हणून तो आधी, उत्तर १. कॅल्क्युलेटरांतही हे दोन्ही पक्ष आहेत; कुणी एक सांगतो, कुणी दुसरे. माझे मत विचाराल तर दोन्ही उत्तरे बाजूला ठेवावीत आणि ओळ परत पाठवावी. ती अपुरी लिहिलेली आहे. गणिती खुणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात असे स्पष्ट सांगितले आहे, की भागाकाराच्या तिरप्या रेघेनंतर त्याच ओळीत कंसावाचून गुणाकाराचे किंवा भागाकाराचे चिन्ह येऊ नये. भागाकाराचे वर-खाली टिंब असलेले चिन्ह तर वापरूच नये असा त्या मानकाचा कल आहे. घरोघरी चहा थंड होईपर्यंत चाललेले वाद एका कंसाने टळले असते.

वर्गसमीकरणाच्या सूत्रातही हाच सापळा आहे, पण तो दिसत नाही. ‘(−ब ± √(ब^२ − ४अक))/२अ’ असे आपण सहज टंकतो. शेवटचे २अ संपूर्ण छेदात आहे हे माणसाला कळते. यंत्राला त्यातला गुणाकार उघड करून ‘/२*अ’ असे दिले, तर ते आधी २ ने भागते आणि मग अ ने गुणते. अ = १ असेपर्यंत काहीच कळत नाही, आणि शाळेतली पहिली कितीतरी समीकरणे अ = १ चीच असतात. २क्ष^२ − ७क्ष + ३ = ० घेतले की बिंग फुटते: खरी उत्तरे ३ आणि १/२, यंत्राची १२ आणि २. ‘/(२अ)’ लिहिले असते तर दोघांनी एकच वाचले असते.

गोव्याशी नाते असलेले याहून बोलके उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले हे गणितज्ञ आपल्याकडे इतिहासकार म्हणून जास्त वाचले जातात. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रासाठी एक सूत्र दिले. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमध्ये पुनर्संयोगाचे प्रमाण ‘र’ असेल तर त्यांच्यातले नकाशावरचे अंतर किती, हे त्यातून निघते. वनस्पतींच्या नव्या जाती काढणारे शास्त्रज्ञ ते आजही वापरतात. घाईत टंकले तर ते असे होईल:

अंतर = १/४ लॉग (१ + २र)/(१ − २र)

इथे कंस आहेत, दोन-दोन आहेत, तरी ओळ तीन तऱ्हांनी वाचता येते. र = ०.२ धरू, लॉग नैसर्गिक. सगळ्या गुणोत्तराचा लॉग घेऊन त्याचा पाव भाग केला तर ०.२१ येतात. फक्त पहिल्या कंसाचा लॉग घेतला आणि मग दुसऱ्याने भागले तर ०.१४. लॉग छेदात आहे असे मानले तर ०.३०. कोसंबींना अभिप्रेत पहिले. ते एकाच रीतीने वाचले जावे असे हवे तर असे लिहावे:

अंतर = (१/४) * लॉग((१ + २र)/(१ − २र))

लॉग कशाचा, हे सांगणारा बाहेरचा कंस महत्त्वाचा. कंस किती आहेत याला किंमत नाही, कोणत्या दोन शेजाऱ्यांमध्ये संशय आहे तिथे तो पडला की नाही याला आहे. उगाच सगळीकडे कंस पेरणाऱ्याची ओळही वाचवत नाही. त्याचा शेवटचा कंस कुणाचा हे शोधण्यात डोळे जातात.

कंसाप्रमाणे घाताची ^ ही टोपीही गळून चालत नाही. रेषीय नियोजनाची (लिनिअर प्रोग्रामिंगची) उदाहरणे सोडवण्याच्या गणितज्ञ नरेंद्र करमरकर यांच्या १९८४ च्या रीतीला साधारण न^३.५ * ल इतक्या क्रिया लागतात; न म्हणजे चलांची संख्या, ल म्हणजे दिलेल्या माहितीची लांबी. टोपी गळली की ते ‘न३.५ल’ होते आणि एका मोठ्या शोधाचे महत्त्वच वाचणाऱ्याला कळत नाही. देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर मास्तरांचे ६१७४ सगळ्यांना माहीत आहे: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत राहावे, सगळे अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ येते. ती रीत समजावताना कुणी ‘अबकड’ लिहिले तर ते चार अंक शेजारी आहेत, का चार संख्यांचा गुणाकार? बीजगणित शिकलेला गुणाकारच समजेल. म्हणून १०००अ + १००ब + १०क + ड असे मोकळे लिहावे. शिवाय २१११ घेऊन पाहा: २१११ − १११२ = ०९९९. संगणकाच्या तक्त्यात ही संख्या भरली की पुढचे शून्य तो खाऊन टाकतो, ९९९ उरतात, ९९९ − ९९९ म्हणजे शून्य, आणि मास्तर खोटे ठरतात. शून्य राखले तर ९९९० − ०९९९ = ८९९१, आणि तिथून तीन पायऱ्यांत ६१७४.

स्वल्पविरामाचा प्रश्न आपल्या तालुक्यांत खास आहे. पोर्तुगीज लिहिण्याच्या पद्धतीत दशांश दाखवायला स्वल्पविराम आणि हजार तोडायला टिंब. जमिनीच्या जुन्या कागदावर १.२५०,५० असेल तर ते साडेबाराशे आहेत, वर अर्धा. ते जसेच्या तसे फोनवर टंकले की मुंबईतला भाऊ सव्वा समजतो आणि दुबईतला काहीच समजत नाही. पोर्तुगीज चलनात तर दशांशाच्या जागी डॉलरसारखी खूण येई. अडीच एस्कुद म्हणजे २$५०. त्यात भर आपल्या लाख-कोटीच्या तोडणीची: १२,३४,५६७ आणि १,२३४,५६७ एकच संख्या आहेत. आणि आलेखावरचा बिंदू (१,२५०) असा लिहिला तर तो बिंदू आहे की कंसातले साडेबाराशे? या पुस्तिकेत संख्येच्या पोटात स्वल्पविराम फक्त रुपयांच्या हिशेबात ठेवला आहे. बिंदूच्या दोन अंकांमध्ये स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडली आहे.

एका ओळीत देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळणे टाळावे, हेही इथेच सांगतो. आपला १ आणि त्यांचा नऊ, आपला ४ आणि त्यांचा आठ, आपला ५ आणि त्यांचा चार हे लहान पडद्यावर सहज एकमेकांच्या जागी वाचले जातात. गुणोत्तराची दोन टिंबेही मराठीत लबाड आहेत. ‘क:ख’ असे चिकटून टंकले तर ते ‘कःख’सारखे दिसते, आणि गुणोत्तराचा विसर्ग होतो. टिंबांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून ‘क : ख’ लिहिले की संशय राहत नाही. व्हॉट्सॲपवर दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे नाहीसे होतात. गुणाकारासाठी तारा वापरायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा ठेवावी, किंवा × हे चिन्ह दीर्घ दाबून मिळते का ते पाहावे.

माणसासाठी लिहिणे आणि यंत्रासाठी लिहिणे यांत थोडा फरक राहतो. कागदावर −३^२ म्हणजे उणे नऊ. पायथन भाषाही तेच सांगते. तिच्यात घातासाठी दोन तारे लागतात एवढेच. एक्सेलच्या चौकटीत तीच ओळ भरली तर उत्तर अधिक नऊ येते, कारण तिथे उणे चिन्ह आधी चिकटते. २^३^२ चे उत्तर एक्सेल ६४ देते, पायथन ५१२. यात कोण बरोबर हे विचारण्यात अर्थ नाही. −(३^२) आणि २^(३^२) लिहिले की दोघेही एक होतात. पुस्तिकेतले नियम माणूस डोळ्यांपुढे ठेवून केले आहेत, आणि यंत्र वेगळे वागते तिथे समासात तसे म्हटले आहे.

शेवटच्या प्रकरणातल्या ओळी मुद्दाम अर्धवट ठेवल्या आहेत. त्यांची उत्तरे मागे दिलेली नाहीत, कारण त्यांना एक उत्तर नाही. प्रत्येक ओळ किती रीतींनी वाचता येते ते आधी मोजायचे, मग कमीत कमी कंस घालून तिची एकच रीत ठेवायची. वर्गात हे दोघांनी मिळून करावे: एकाने फोनवर ओळ टंकावी, दुसऱ्याने पुस्तक न पाहता ती कागदावर अंश-छेद, मूळ-घातांकासह मांडावी, आणि मग दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. सातवीची मुले यात नववीच्या मुलांना हरवतात, कारण त्यांना सूत्रे अजून पाठ झालेली नसतात.